फोटो हत्तीचा नको, मोडलेल्या उसाचा काढा



आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या ह्या बाया हप्ते आणि व्याज सोडून आज आफ्रिकेला कुठे निघाल्या? पण विषय आपल्या बांधावरचाच आहे. जंगली जनावरांचे फोटो कोण काढतं, कसे काढतं आणि त्यातून कुणाच्या पदरात काय पडतं, हे आज बोलायचं आहे.

कारण साधं आहे. आता जवळजवळ प्रत्येक घरात कॅमेऱ्याचा मोबाइल आहे, आणि आपल्या आजरा तालुक्यात हत्तीही आहे. गवे तर रोजचेच. आम्ही गटांच्या कामासाठी पश्चिमेकडच्या वाड्यांवर फिरतो तेव्हा एकच चित्र दिसतं. रात्री टस्कर उसात शिरतो, पोरं मोबाइल घेऊन धावतात, तासाभरात गावच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरायला लागतो. सकाळी घरची बाई बांधावर उभी राहून मोडलेला ऊस बघत असते. घरच्या मोबाइलमध्ये हत्तीचे पाच-सहा अंधारातले फोटो असतात, आणि मोडलेल्या उसाचा एकही नसतो. हत्तीचा फोटो लोकांनी बघितला आणि विसरले. उसाचा फोटो असता तर तो पंचनाम्याच्या वेळी कामाला आला असता.

आधी आफ्रिकेत फोटो कसे काढतात ते बघू, म्हणजे आपलं काय चुकतंय ते कळेल.

जंगल बघायला जाण्याला सफारी म्हणतात. हा शब्द पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला आहे, त्याचा अर्थ प्रवास. तो आला अरबीतून, आणि आपण मराठीत 'सफर' म्हणतो तो शब्दही तिथलाच. म्हणजे शब्द तरी आपल्या नात्यातला निघाला.

केनिया देशात मसाई मारा नावाचं राखीव रान आहे. आपल्यासारखी गच्च झाडी तिथे नाही. मैलोन् मैल गवत, मधूनच एखादं छत्रीसारखं झाड. त्याला लागूनच टांझानिया देशातलं सेरेंगेटी. दरवर्षी साधारण जुलै ते ऑक्टोबरच्या काळात विल्डबीस्ट नावाची दाढीवाली, शिंगंवाली जनावरं ताज्या गवताच्या मागे मारा नदी ओलांडतात. दहा लाखांहून जास्त जनावरं, सोबत झेब्रे, आणि नदीत मगरी टपलेल्या. हे बघायला आणि त्याचे फोटो काढायला जगभरातून लोक येतात. पुण्या-मुंबईचे आणि आपल्या कोल्हापूरचे हौशी लोकही जातात.

पूर्वी तिथे लोक सफारीला बंदूक घेऊन जात. सिंह मारायचा, त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढायचा आणि तो दिवाणखान्यात लावायचा. केनियाने १९७७ साली शिकारीला बंदी घातली. आपल्या कोल्हापूरचाही ह्याच्याशी संबंध आहे. संस्थानाच्या काळात आफ्रिकेतून चित्ते आणून इथल्या माळावर काळविटांची शिकार व्हायची. त्या चित्त्यांना सांभाळणारे, शिकवणारे चित्तेवान कोल्हापुरात होते. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता गाडीवर बसवून नेत, आणि काळवीट दिसलं की टोपी काढत. भारतातला स्वतःचा चित्ता मात्र संपला. १९५२ साली तो देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. पुढे सत्तर वर्षांनी, २०२२ च्या सप्टेंबरमध्ये, नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोला आणले, तेव्हा त्यांचे फोटो काढायला सगळा देश टीव्हीसमोर बसला होता. मेलेल्या जनावरासोबतचा फोटो मिरवायचा काळ गेला आणि जिवंत जनावराच्या फोटोला मान आला, हे चांगलंच झालं.

पण जिवंत जनावराचा फोटो काढायची एक रीत आहे. आफ्रिकेतले सिंहाचे, हत्तीचे फोटो बघून वाटतं, फोटो काढणारा अगदी हातभर अंतरावर असेल. तो असतो गाडीत. त्याच्या कॅमेऱ्याला हातभर लांब भिंग असतं, त्यामुळे लांबचं जनावर जवळ दिसतं. गाडीतून उतरायला मनाई असते. सोबत तिथला वाटाड्या असतो, जनावराचा कान हलला तरी तो चालकाला गाडी मागे घ्यायला सांगतो. एका सिंहाभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या उभ्या करायच्या नाहीत, ठराविक अंतर राखायचं, असे मसाई मारात नियम आहेत. एक चांगला फोटो मिळायला चार-चार दिवस उन्हात बसावं लागतं. हे सगळं फोटोत दिसत नाही. आपल्याला दिसतो तो नुसता सिंह.

नियम मोडणारे तिथेही आहेतच. २०२५ च्या जुलैत सेरेंगेटीत पर्यटक गाड्यांतून उतरून थेट नदीच्या काठावर गेले आणि पार होऊ पाहणाऱ्या कळपाची वाट त्यांनी अडवली. त्याचा व्हिडिओ जगभर फिरला आणि लोकांनी त्या पर्यटकांना नावं ठेवली. जनावरं बघायला हजारो रुपये खर्चून गेलेल्या माणसांनी त्याच जनावरांची वाट अडवली.

आपल्याकडे काय झालं तेही आठवा. ९ डिसेंबर २०२० ला पुण्यात कोथरूडच्या वस्तीत एक गवा शिरला. बातमी पसरली, माणसं जमली, मोबाइल वर झाले. आरडाओरडा, धावाधाव. बिचारा गवा घाबरून या गल्लीतून त्या गल्लीत पळत राहिला, भिंतींवर आदळला, तोंडातून रक्त आलं. वनविभागाने बेशुद्ध करून त्याला पकडलं, पण तो वाचला नाही. त्या गव्याने कुणाचं काही वाईट केलं नव्हतं. चुकून वाट हुकली होती, एवढंच. त्याच्याभोवती एवढी गर्दी झाली नसती तर कदाचित तो आल्या वाटेने परत गेला असता.

आता हत्तीकडे येऊ. आपल्या भागात हत्ती आला कर्नाटकातून. २००२ च्या सुमारास दांडेलीच्या बाजूने कळप सिंधुदुर्गात उतरले, मग चंदगड आणि आजऱ्यातही हत्ती फिरायला लागले. आता वीस वर्षं उलटून गेली. ज्या पोरी तेव्हा अंगणवाडीत होत्या, त्या आज गटाच्या सचिव आहेत, आणि हत्ती अजून येतोच आहे. ऊस, भात, केळी, मेसकाठी, पाण्याचे पाइप, टाक्या, काही सोडत नाही.

गावातली पोरं आम्हाला विचारतात, "ताई, आफ्रिकेत लोक हत्तीच्या एवढं जवळ जातात, मग आम्ही गेलो तर काय बिघडलं?" त्यांना आम्ही तीन गोष्टी सांगतो.

पहिली, ते लोक गाडीत असतात. तुम्ही चपलेवर, चिखलात, अंधारात असता.

दुसरी, तिथल्या राखीव रानातल्या हत्तींना पिढ्यान् पिढ्या गाड्या बघायची सवय झालेली आहे. गाडीतला माणूस आपल्याला काही करत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. आपल्याकडच्या हत्तीने माणसाकडून काय बघितलंय? फटाके, बॅटऱ्या, डबे वाजवणं, आरोळ्या. पीक वाचवायला शेतकरी हे करतो, त्याचाही नाइलाज असतो. पण त्यामुळे हा हत्ती माणूस दिसला की बिथरतो.

तिसरी, आफ्रिकेतल्या फोटोत बहुतेक वेळा कळप असतो, आणि कळपाची कारभारीण एक वयस्क मादी असते. पाणी कुठे आहे, धोका कुठे आहे, हे तिला माहीत असतं, बाकीच्या तिच्या मागे चालतात. आपल्याकडे फिरतो तो बहुधा एकटा नर. त्याला आवरणारं कुणी नाही. जाता जाता एक खूण सांगून ठेवतो. आफ्रिकेत नर आणि मादी दोघांनाही मोठे सुळे असतात. आपल्या देशातल्या हत्तींत मोठे सुळे फक्त नरांना असतात, तेही सगळ्या नरांना नाही. म्हणून लांब सुळ्याच्या आपल्या हत्तीला टस्कर म्हणतात.

हत्तीची नजर फार लांबची नसते, पण वास आणि कान तिखट असतात. तुम्हाला तो दिसायच्या आधी त्याला तुम्ही कळलेला असता. आणि पळायला लागला तर माणसापेक्षा जोरात पळतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये आपल्या शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात मोर्ले गावी काजूच्या बागेत गेलेल्या एका शेतकऱ्याचा हत्तीने जीव घेतला. तो माणूस फोटो काढायला गेला नव्हता, आपल्या कामाला गेला होता. काम टाळता येत नाही, हे आम्हाला कळतं. पण ज्या ठिकाणी कामाला जायचीही भीती वाटते, त्या ठिकाणी मुद्दाम मोबाइल घेऊन जायचं कशाला? फ्लॅशच्या उजेडाने आणि गर्दीने हत्ती बिथरतो. बिथरून तो ज्या वाटेने पळतो, त्या वाटेवर कुणाचं तरी घर असतं, कुणाचा तरी गोठा असतो. फोटो काढणारा मोटरसायकलवरून निघून जातो. मागे राहतो तो गोठा आणि त्या घरची बाई.

ह्याचा अर्थ फोटो काढूच नका, असा नाही. फोटोत ताकद असते. केनियाचीच दोन उदाहरणं देतो.

१९८९ साली केनियाच्या सरकारने चोरट्या शिकाऱ्यांकडून पकडलेल्या हस्तिदंताचा ढीग रचून त्याला आग लावली. बारा टन हस्तिदंत होतं. विकलं असतं तर केवढा पैसा आला असता! पण राष्ट्राध्यक्षांनी स्वतः ते पेटवलं आणि त्याचे फोटो जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आले. त्याच वर्षी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी घालायचा निर्णय झाला. त्या आगीच्या फोटोंमुळे लांबच्या देशांतल्या माणसांनाही हत्तींची कत्तल कळली होती.

दुसरं उदाहरण आम्हाला जास्त आवडतं. केनियातच अंबोसेली नावाचं रान आहे. तिथे सिंथिया मॉस नावाच्या बाईंनी १९७२ सालापासून हत्तींचा अभ्यास चालवला. त्यांनी प्रत्येक हत्तीच्या कानाचे फोटो काढून ठेवले. हत्तीच्या कानाची कड कुठे फाटलेली असते, कुठे भोक असतं, शिरांची नक्षी वेगळी असते, त्यावरून हत्ती ओळखता येतो. त्या फोटोंवरून कोण कुणाची आई, कोण कुणाची लेक, कोण कधी व्याली, कोण कधी मेली, ह्याची पन्नास वर्षांची नोंद झाली. आपण गटाचं रजिस्टर ठेवतो, तसंच हे. एक फोटो म्हणजे एक नोंद. नोंद ठेवली की कुणी काही बोललं तरी आपल्या हातात पुरावा असतो.

तर मैत्रिणींनो, आपल्यालाही फोटो काढायचा आहे, पण नोंदीचा. तो कसा काढायचा ते आता सांगतो. कागद-पेन्सिल असेल तर लिहून घ्या.

जनावर शेतात असताना जायचं नाही. उजाडू दे, ते गेल्याची खात्री होऊ दे, मग चौघीजणी मिळून जा. आधी लांबून, सगळं शेत दिसेल असा फोटो काढा. त्यात विहीर, घर, मोठं झाड, ओळखीचा बांध, असं काहीतरी यायला हवं, म्हणजे शेत तुमचंच आहे हे दिसतं. मग चारी बाजूंनी मोडलेलं पीक. मग जवळून पायाचा ठसा, लीद, चावलेला ऊस. ठशाच्या शेजारी विळा नाहीतर खुरपं ठेवा, म्हणजे ठसा केवढा मोठा ते कळतं. हत्तीचा ठसा गोल, पराती-ताटाएवढा. गव्याचा दोन फाकांचा, म्हशीसारखा पण मोठा. रानडुकराने उकरलेली माती तर तुम्हीच ओळखता.

फोटोवर तारीख आणि ठिकाण उमटतं असा जिओ टॅग फोटो काढला तर उत्तम. गटाच्या कामाचे असे फोटो सीआरपी ताई नेहमी काढतात. त्यांना विचारा, पाच मिनिटांत शिकवतील. आणि एक लक्षात ठेवा, व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवलेल्या फोटोतली आतली माहिती निघून जाते. म्हणून मूळ फोटो ज्या मोबाइलवर काढला, त्यातच जपून ठेवा. जागा भरली म्हणून पुसू नका.

नुकसान झालं की तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षकाकडे, वनपालाकडे किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात तक्रार द्यायची, असा नियम आहे. उद्या बघू, बाजाराच्या दिवशी जाऊ, असं करू नका. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. वनविभागाचा १९२६ हा मोफत फोन नंबर आहे, जनावर वस्तीत आलं तर तिथेही कळवता येतं. पंचनामा होईपर्यंत मोडलेलं पीक उचलू नका. फोटो हा पंचनाम्याच्या जागी चालत नाही, पण पंचनाम्याला आधार होतो. आमच्या एका गटातल्या काकूंच्या भातात गवे शिरले होते. पंचनाम्याला माणसं येईपर्यंत मोठा पाऊस होऊन गेला, ठसे धुऊन गेले, आडवं झालेलं भात पावसाने झोपलं की गव्याने तुडवलं हे सांगता येईना. काकूंच्या सुनेने पहिल्याच सकाळी काढलेले सात फोटो मोबाइलमध्ये होते. ते दाखवले, ठशाशेजारचा विळा दाखवला, आणि वाद तिथेच मिटला.

आता जरा अवघड गोष्ट बोलायची आहे. फोटो काढला सुनेने, माळ्यावर रात्र जागली सासूने, तक्रार लिहिली गटातल्या ताईने. भरपाई कुणाच्या खात्यात गेली? सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याच्या.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. मसाई माराच्या भोवती मसाई लोकांच्या जमिनी आहेत. तिथे जमीनमालक एकत्र येऊन आपली जमीन वन्यजीवांसाठी मोकळी ठेवतात आणि पर्यटनाचे व्यवसाय चालवणारे त्यांना त्याचं भाडं देतात. योजना चांगली आहे, सिंहाच्या फोटोतून गावात पैसा येतो. पण जमिनी बहुतेक पुरुषांच्या नावावर. गुरं राखणाऱ्या, शेणामातीची घरं लिंपणाऱ्या बायांच्या हातात भाडं येतं ते नवऱ्याच्या मर्जीने. आफ्रिकेतली बाई आणि आजऱ्यातली बाई, दोघींची अडचण सारखीच आहे.

आपल्याकडे ह्यावर एक वाट आहे. महाराष्ट्रात १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. नवऱ्याने स्वतःहून अर्ज केला तर सातबाऱ्यावर त्याच्यासोबत बायकोचं नाव लागतं. त्यासाठी नवऱ्याची तयारी लागते, हे खरं. पण हा विषय घरात काढायलाही काहीतरी निमित्त लागतं. हत्तीच्या नुकसानीचा अर्ज हे निमित्त होऊ शकतं. "अहो, रात्री राखणीला मी होते, फोटो मी काढले, कागदावर माझंही नाव असू दे," एवढं वाक्य एकदा बोलून तर बघा. आमच्या गटांत काही जणींनी बोलून बघितलं. कुणाकडे हो झालं, कुणाकडे भांडण झालं, कुणाकडे अजून विचार चालू आहे.

आता जरा बरी गोष्ट. केनियाच्या उत्तरेला सांबुरू लोकांच्या मुलखात रेतेती नावाचं एक केंद्र २०१६ साली सुरू झालं. आई मेलेली, विहिरीत पडलेली, कळपापासून चुकलेली हत्तीची पिल्लं तिथे सांभाळतात आणि मोठी झाली की परत रानात सोडतात. ते केंद्र तिथल्या लोकांचं स्वतःचं आहे. तिथे पिल्लं सांभाळायला सांबुरू बायाही कामावर आहेत. आधी लोक म्हणत, हे बायकांचं काम नाही. आता त्यांच्याच पोरी विचारतात, आम्हाला कधी घेणार? अमेरिकेच्या एमी व्हिटाली ह्या फोटोग्राफर बाईंनी वर्षानुवर्षं तिथे जाऊन फोटो काढले, म्हणून ते जगाला कळलं.

त्यातली आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. हत्तीच्या पिल्लांना दूध लागतं. आधी बाहेरून आणलेली दूध पावडर द्यायचे, ती महाग आणि वेळेवर मिळायची नाही. मग त्यांनी शेळीचं दूध देऊन बघितलं, ते पिल्लांना मानवलं. आता आसपासच्या बाया शेळीचं दूध केंद्राला विकतात आणि पैसा बायांच्या हातात येतो. शेळ्या आपल्या गटांनाही नव्या नाहीत! हत्तीमुळे ज्यांचं घर चालतं, त्या बाया हत्तीला शत्रू म्हणत नाहीत. आपल्याकडे हत्तीच्या पिल्लांना दूध विकायला जायचं नाही. पण पावसाळ्यात आजऱ्यावरून आंबोलीला हजारो माणसं जातात. त्यांतली कित्येक कॅमेरे घेऊन बेडूक, साप, फुलपाखरं शोधत फिरतात. त्यांना घनसाळचा भात, नाचणीची भाकरी, गरम आमटी कुणी वाढली तर? हा विचार गटांनी करायला हरकत नाही.

आणि फोटो काढायचाच असेल तर मोठं जनावरच हवं असं कुठे आहे? पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधर ह्या तरुण मुलीला २०२० साली लंडनच्या जगप्रसिद्ध वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत गौरव मिळाला. जगभरातून हजारो फोटो आले होते. तिने आफ्रिकेतल्या सिंहाचा फोटो पाठवला नव्हता. भंडारदऱ्याजवळ झाडावर लखलखणाऱ्या काजव्यांचा पाठवला होता. तेच काजवे जे वळवाच्या पावसानंतर आपल्या परसातल्या झाडावर चमकतात आणि ज्यांच्याकडे आपण भाकऱ्या थापताना बघतही नाही. आपल्या हिरण्यकेशीच्या उगमाशी, आंबोलीत, बोटाएवढ्या एका माशाची नवी जात २०२० साली नोंदवली गेली. तिला आपल्या नदीचंच नाव दिलं, आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा म्हणून जाहीर झाली. पोरींना मोबाइल द्यायचाच तर हे फोटो काढायला द्या. काजवा अंगावर धावून येत नाही.

शेवटचा मुद्दा नीट ऐका, कारण तो आपल्या अब्रूचा आहे. जंगलात कॅमेरा ट्रॅप लावतात. झाडाला बांधलेली लहान पेटी असते, समोरून काही हललं की आपोआप फोटो निघतो. वाघ, बिबटे मोजायला त्याचा फार उपयोग होतो. आपल्या राधानगरी अभयारण्यातही वाघाची नोंद अशा कॅमेऱ्यांनी झाली आहे. पण समोरून जनावरच जातं असं नाही. लाकूडफाट्याला, शेणाला, रानभाजीला गेलेली बाईही जाते. उत्तराखंडातल्या कॉर्बेटच्या जंगलाबद्दल केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. कॅमेऱ्यांमुळे बाया जंगलात मोकळेपणाने गाणी म्हणेनात, मोठ्याने बोलेनात. गाण्यामुळे जनावर लांब राहतं, हे त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. गप्प राहिल्याने जनावराची अचानक गाठ पडायचा धोका वाढला. एका बाईचा नको त्या अवस्थेतला फोटो तर गावात पसरवला गेला. कॅमेरा वाघासाठी होता, भोगलं त्या बाईने.

म्हणून आपण विचारायचं. भांडायचं नाही, कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, तो सरकारी कामाचा असतो. पण ग्रामसभेत विचारायचं की कॅमेरे कोणत्या वाटेवर आहेत, बायांच्या रोजच्या वाटा त्यातून वगळता येतील का, आणि माणसांचे फोटो आले तर ते कोण बघतं, कोण पुसतं. हा आपला हक्क आहे. आणि जंगलात जाताना एकटी जाऊ नका, चौघी जा, बोलत जा, गात जा.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत वसुली झाली की दहा मिनिटं ह्या विषयाला द्या. तीन गोष्टी ठरवा आणि इतिवृत्तात लिहा. पहिली, आपल्या घरातला कुणीही हत्तीच्या किंवा गव्याच्या मागे मोबाइल घेऊन जाणार नाही, आणि जनावर कुठे आहे हे गावच्या ग्रुपवर टाकण्याआधी वनविभागाला कळवलं जाईल. दुसरी, गटातल्या दोघीजणी नुकसानीचे फोटो नीट काढायला शिकतील आणि कुणाचंही नुकसान झालं की तीन दिवसांच्या आत तक्रार पोचवतील. तिसरी, ज्यांच्या घरी सातबाऱ्यावर नाव लावायचा विषय निघू शकतो, त्यांना गट साथ देईल. तलाठ्याकडे जायचं तर एकटीला पाठवायचं नाही.

उसाचा हंगाम जवळ आला की हत्तीही येणारच. तो येईल तेव्हा दार लावून घरात थांबा, पोरांना आवरा. सकाळी मात्र विळा आणि मोबाइल दोन्ही घेऊन रानात जा.

सांभाळून राहा.